छोट्या चिपवर सरळ हलणारं चित्र: मायक्रोकंट्रोलरच्या स्क्रीनमागे काय चालतं

यंत्राच्या स्क्रीनवरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, हा अनुभव आता सगळ्यांनाच आहे. आपण पुन्हा दाबतो. तेवढ्यात पहिलं दाबणं पोचतं, मागोमाग दुसरंही पोचतं आणि मेनू दोन पायऱ्या पुढे निघून जातो. कपडे धुण्याच्या यंत्रावर असं झालं तर फार तर वैताग येतो. रुग्णाच्या उशाशी असलेल्या औषधाच्या पंपावर झालं तर भलताच आकडा भरला जाऊ शकतो. त्यामुळे हा विषय नुसता दिसण्याचा आहे असं मी मानत नाही.

पूर्वी अशा यंत्रांना चार बटणं आणि आकडे दाखवणारी एक पट्टी पुरायची. आता रंगीत टचस्क्रीन लागते. आतली चिप मात्र बहुधा मायक्रोकंट्रोलरच असते, म्हणजे प्रोसेसर, थोडीशी मेमरी आणि बाहेरच्या भागांशी बोलायच्या पिना एकाच तुकड्यात बसवलेली, कमी विजेवर चालणारी चिप. चित्र अडखळलं की सगळे म्हणतात, प्रोसेसर मंद आहे. बहुतेक वेळा खोळंबा प्रोसेसरच्या गणितात नसून रंगांच्या माहितीच्या ने-आणीत असतो. ही ने-आण नीट लावून दिली तर साध्या चिपवरही चित्र लोण्यासारखं सरकतं.

आधी वहीचा हिशेब

स्क्रीन ही ठिपक्यांची जाळी. एकेक ठिपका म्हणजे पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचा रंग कुठेतरी लिहून ठेवावा लागतो आणि मेमरीतल्या त्या वहीला फ्रेमबफर म्हणतात. ४८० बाय २७२ ची, हाताच्या पंजाएवढी स्क्रीन घेऊ. एका पिक्सेलला २ बाइट लागतात: लाल रंगाला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५. हिरव्याला एक बिट जास्त, कारण हिरव्या छटांमधला फरक आपल्या डोळ्याला सर्वांत चटकन कळतो. गुणाकार केला की २,६१,१२० बाइट होतात, म्हणजे बरोबर २५५ केबी.

आता एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स (पुढे नुसतं एसटी) ह्या कंपनीची एसटीएम३२एफ७४६ ही परिचयाची चिप पाहा. तिच्यात मुख्य रॅम आहे ३२० केबी. एक वही कशीबशी मावेल. दुसरी मावणार नाही, आणि दुसरी लागतेच, ते पुढे येईल. त्यामुळे अशा बोर्डांवर चिपच्या शेजारी एसडीरॅमची, म्हणजे जादा मेमरीची, वेगळी चिप बसवलेली दिसते. स्क्रीन ८०० बाय ४८० ची केली आणि पिक्सेलमागे ४ बाइट खर्च केले, तर एकच वही १५,३६,००० बाइटची होते.

वही लिहिली म्हणून काम संपत नाही. अशा बहुतेक पॅनेलना स्वतःची मेमरी नसते. त्यांना तेच चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. ते काम चिपमधला डिस्प्ले कंट्रोलर करतो, वही सतत वरपासून खालपर्यंत वाचत राहून. त्या मोठ्या, ४ बाइटी वहीसाठी हे वाचन सेकंदाला सुमारे ९२ एमबी होतं. १६ बिट रुंदीच्या, १०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एसडीरॅमची कागदावरची क्षमता २०० एमबी. म्हणजे एकही नवी रेघ न काढता जवळपास अर्धी वाट भरली. पिक्सेलमागे २ बाइट ठेवले की हा भार निम्म्यावर येतो. म्हणूनच पिक्सेलमागे ४ बाइटच्या रंगांचा आग्रह धरणाऱ्याला मी आधी हा हिशेब कागदावर मांडायला सांगतो.

वाट बारीक असेल तर

काही छोट्या स्क्रीन एसपीआय नावाच्या वाटेने जोडतात. तिच्यावरून एका वेळी एकच बिट जातो, जणू एकेरी पाऊलवाट. तिथे आयएलआय९३४१ सारखी नियंत्रक चिप पॅनेलमध्येच असते आणि चित्र धरून ठेवायला तिची स्वतःची मेमरी असते, त्यामुळे सतत चित्र पुरवत बसावं लागत नाही. पण क्लॉक, म्हणजे ज्या ठोक्यावर बिट जातात त्याचा वेग, ४० मेगाहर्ट्‌झ असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त ५० लाख बाइट जातात. ३२० बाय २४० चं चित्र १,५३,६०० बाइटचं. एक पूर्ण चित्र पोचायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ३२ चित्रांच्या वर जाता येणार नाही, चित्र काढणारा कितीही वेगवान असो. इथे महागडी चिप आणली तरी वाट तेवढीच राहते. उपाय एकच: पूर्ण चित्र पाठवायचंच नाही, बदलला तेवढाच चौकोन पाठवायचा.

मोठ्या पॅनेलसाठी रंगांच्या समांतर तारा असतात, किंवा फोनच्या स्क्रीनसाठी वापरतात ती एमआयपीआय डीएसआय ही जोडणी. ह्या लेखातलं बाकीचं बोलणं प्रामुख्याने अशा स्क्रीनबद्दल आहे.

ॲक्सिलरेटर नेमकं कोणतं काम करतो?

एका पिक्सेलवर अर्धपारदर्शक रंग चढवायचा तर प्रोसेसरने काय करायचं? खालचा रंग वाचायचा, वरचा वाचायचा, दोन्हींचे लाल-हिरवे-निळे भाग सुटे करायचे, पारदर्शकतेच्या प्रमाणात गुणायचे, बेरीज करायची, पुन्हा बांधायचे, लिहायचे. ढोबळमानाने वीसेक पायऱ्या धरा. ४८० बाय २७२ मध्ये १,३०,५६० पिक्सेल. वीस पायऱ्या, सेकंदाला ६० वेळा: साडेपंधरा कोटींहून जास्त पायऱ्या. २१६ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरच्या जवळजवळ तीन चतुर्थांश ताकदीचा चुराडा एका झिरझिरीत पडद्यापायी. मोटर चालवायची, सेन्सर वाचायचे, बोटाचा स्पर्श ओळखायचा, ते सगळं उरलेल्या चतकोरात.

ॲक्सिलरेटर म्हणजे हे एकसुरी काम करणारा वेगळा कारागीर. भिंत रंगवताना मिस्त्री स्वतः ब्रश धरत नाही. ‘ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, हा रंग,’ एवढं सांगून तो पुढच्या खोलीचं माप घ्यायला जातो. रंगारी काम आटोपून हाक मारतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

कल्पना जुनी आहे. मेमरीतला चित्राचा चौकोन उचलून दुसरीकडे ठेवण्याची क्रिया, बिटब्लिट, डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बांधली. पुढे अमिगा संगणकात तिच्यासाठी स्वतंत्र सर्किट आलं. आज एसटीच्या चिपमध्ये तसा कारागीर डीएमए-टूडी किंवा क्रोम-आर्ट ह्या नावाने असतो, एनएक्सपीच्या आय.एमएक्स आरटी मालिकेत पीएक्सपी नावाने, रेनेसासच्या आरए६एम३ मध्ये डेव्ह-टूडी, एस्प्रेसिफच्या ईएसपी३२-पी४ मध्ये पीपीए.

सगळे सारखे नसतात आणि इथे बरेच जण फसतात. डीएमए-टूडी रंग भरतो, चौकोन हलवतो, रंगाची बांधणी (पिक्सेलचा रंग किती बिटांत, कोणत्या क्रमाने लिहायचा ते) बदलतो, दोन थर मिसळतो. पण त्याला चित्र फिरवता येत नाही. त्यामुळे स्पीडोमीटरचा काटा! सगळ्यांना तो हवा असतो आणि नेमका तोच ह्या कारागिराच्या हातचा नाही. काटा फिरवायचं गणित प्रोसेसरलाच करावं लागतं, किंवा काट्याच्या प्रत्येक कोनाचं चित्र आधीच करून फ्लॅश मेमरीत ठेवावं लागतं. रेघा-वक्रांचं आणि फिरवण्याचं काम हार्डवेअरकडूनच हवं असेल तर पुढच्या पायरीची चिप लागते: आय.एमएक्स आरटी११७० मधला व्हेक्टर जीपीयू (रेघा-वक्र काढणारा ग्राफिक्स प्रोसेसर), किंवा एसटीएम३२यू५ मालिकेतल्या निवडक चिपमधला निओक्रोम. चिप ठरवण्याआधी डिझायनरने काढलेली स्क्रीन समोर ठेवून ‘ह्यात फिरतं काय?’ एवढं विचारलं तरी पुढचे महिने वाचतात.

जुळणीचा क्रम

नव्या बोर्डावर सगळं एकदम चालू करण्याचा मोह आवरायला हवा. पॅनेल, बाहेरची मेमरी, ग्राफिक्स लायब्ररी, ॲक्सिलरेटर आणि टच एकत्र सुरू केले आणि स्क्रीन पांढरी राहिली, तर दोष कुठे शोधणार?

मी सुरुवात एसडीरॅमपासून करतो. तिच्यात पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वेगवेगळे आकडे लिहायचे आणि वाचून ताडायचे. ही परीक्षा पुरी झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मेमरीची वेळ किंचित चुकलेली असली तर तिचे दोष पुढे चित्रात दिसतात आणि माणूस चित्र काढणाऱ्या कोडला दोष देत बसतो.

मग पॅनेल. त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, रुंदी-उंचीखेरीज काही विचित्र आकडे असतात. शेतात नांगराला तासाच्या टोकाला वळायला जागा लागते, तशी प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या टोकाला थोडी रिकामी वेळ सोडावी लागते. तिला पोर्च म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत किरण मागे परतायला वेळ लागायचा, त्याचा हा वारसा. एसटीच्या एफ७४६ डिस्कव्हरी बोर्डावरच्या पॅनेलमध्ये ४८० पिक्सेलच्या ओळीला ४१, १३ आणि ३२ अशी भर पडून ५६६ होतात; २७२ ओळींना १०, २ आणि २ मिळून २८६. दोन्हींचा गुणाकार १,६१,८७६. पिक्सेल क्लॉक ९.६ मेगाहर्ट्‌झ ठेवलं की भागाकार सुमारे ५९.३ येतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५९ चित्रं. हा भागाकार स्वतः करून पाहावा. उत्तर २० किंवा २०० आलं तर क्लॉकची मांडणी चुकली आहे, हे स्क्रीन लावण्याआधीच कळतं.

ह्या टप्प्यावर लायब्ररी नको. प्रोसेसरनेच वहीत लाल, हिरवा, निळा असे तीन जाड पट्टे लिहायचे आणि चारही कडांना एक पिक्सेलची पांढरी चौकट. लाल-निळे उलटे दिसले तर रंगांचा क्रम चुकला. चौकटीची एक बाजू गायब असेल तर पोर्चचे आकडे. चित्र थरथरत असेल किंवा आडवं सरकत असेल तर डिस्प्ले कंट्रोलरला वही वेळेवर वाचायला मिळत नाही. त्याची नोंद घेणारा इंटरप्ट बहुतेक चिपमध्ये असतो, तो पाहावा. नुसता पांढरा उजेड असेल तर मागचा दिवा लागला आहे आणि माहिती पोचलेली नाही. चार ओळींचा हा कोड अनेक तासांचा शोध वाचवतो.

त्यानंतर ग्राफिक्स लायब्ररी. बटणं, याद्या, अक्षरं, हलणाऱ्या पट्ट्या काढणारा तयार कोड म्हणजे लायब्ररी. एलव्हीजीएल मुक्तस्रोत आहे आणि अनेक कंपन्यांच्या चिपवर चालते. टचजीएफएक्स एसटीच्या चिपसाठी आहे. ती आधी फक्त प्रोसेसरवर चालवायची, ॲक्सिलरेटर बंद ठेवून. मंद चालेल, चालू द्या. बरोबर चित्र कसं दिसतं ते डोळ्यांत बसतं आणि वेळ मोजून ठेवता येतो. एलव्हीजीएलला पूर्ण वही नसली तरी चालतं. स्क्रीनच्या एक दशांश आकाराचा बफर असला तरी ती चौकोना-चौकोनाने चित्र काढते.

इथली नेहमीची चूक: चौकोन पाठवायला सुरुवात केली की लगेच लायब्ररीला ‘पोचलं’ असं कळवून टाकायचं. प्रत्यक्षात डीएमए (प्रोसेसरशिवाय माहितीची ने-आण करणारा चिपमधला भाग) अजून तो वाचत असतो आणि लायब्ररी त्याच जागेवर पुढचं लिहू लागते. ‘पोचलं’ हा निरोप काम संपल्याच्या इंटरप्टमधूनच गेला पाहिजे.

आणि मग, सर्वांत शेवटी, ॲक्सिलरेटर.

सोळा पिक्सेलचे डाग

हा भाग मी सावकाश लिहितो आहे, कारण माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. एका बोर्डावर सगळं नीट चालत होतं. ॲक्सिलरेटर चालू केला आणि हलणाऱ्या आकड्यांभोवती जुन्या रंगाच्या बारीक आडव्या चिरोट्या दिसू लागल्या. क्षणभर दिसायच्या, जायच्या, दुसरीकडे उमटायच्या. मी केबल बदलली. मेमरीचं क्लॉक कमी केलं. काही फरक नाही. शेवटी स्क्रीनचा अगदी जवळून फोटो काढला आणि मोठा करून पिक्सेल मोजले. प्रत्येक चिरोटी बरोबर १६ पिक्सेल लांब होती, आणि ओळीत सुरू व्हायची तीही १६ च्या पटीवरच.

१६ पिक्सेल गुणिले २ बाइट, म्हणजे ३२. त्या बोर्डावरच्या कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरच्या कॅशची एक ओळ ३२ बाइटचीच असते.

कॅश म्हणजे प्रोसेसरच्या खिशातली चिठ्ठी. मुख्य मेमरीपर्यंत प्रत्येक वेळी जायला नको म्हणून तो आधी चिठ्ठीवर लिहितो आणि सवडीने वहीत उतरवतो. तो एकटा असेपर्यंत हे छान चालतं. पण रंगारी आणि डिस्प्ले कंट्रोलर वही वाचतात, त्यांना खिशातलं दिसत नाही. प्रोसेसरने नवं अक्षर काढलं ते चिठ्ठीवरच राहिलं आणि वहीत जुना रंग. त्या माझ्या चिरोट्या.

म्हणून ॲक्सिलरेटरला काम देण्याआधी चिठ्ठी वहीत उतरवायची; ह्याला क्लीन करणं म्हणतात. ॲक्सिलरेटरने लिहिलेलं प्रोसेसरला वाचायचं असेल तर त्याआधी जुनी चिठ्ठी फाडायची, ते इनव्हॅलिडेट. बफर ३२ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू व्हायला हवा आणि त्याची लांबीही ३२ च्या पटीत हवी, नाहीतर चिठ्ठी फाडताना शेजारच्या कुणाची तरी माहितीही फाटते आणि तो दोष स्क्रीनवर दिसतसुद्धा नाही. दुसरा मार्ग म्हणजे मेमरीच्या त्या तुकड्यावर कॅश वापरायचीच नाही, असं चिपमधल्या एमपीयूला, म्हणजे मेमरीच्या भागांचे नियम सांभाळणाऱ्या भागाला, सांगायचं. प्रोसेसरचं काम तिथे मंदावतं, पण पहिल्यांदा जुळणी करणाऱ्याने हाच मार्ग धरावा. चित्र शुद्ध आलं की मग कॅश चालू करून वेग मिळवता येतो.

चित्र मधेच फाटतं ते का?

कंट्रोलर वही वरून खाली वाचत असताना आपण तिथेच लिहीत असलो, तर वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा दिसतो. सरकणाऱ्या यादीत मधोमध एक आडवी चीर दिसते. उपाय दोन वह्यांचा: एक दाखवायची, दुसरीत लिहायचं, आणि एका चित्राचं वाचन संपून दुसरं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या वेळेत अदलाबदल करायची. मेमरी नसेल तर कंट्रोलरचं वाचन अमुक ओळ ओलांडून गेलं की इंटरप्ट मागता येतो आणि त्याच्या पाठोपाठ लिहीत जाता येतं. ते जमवणं नाजूक आहे.

“एवढा खटाटोप करण्यापेक्षा जोरदार प्रोसेसर घ्या”

हा आक्षेप रास्त आहे आणि काही वेळा तोच सल्ला योग्य. व्हिडिओ, नकाशे, ब्राउझर हवा असेल तर लिनक्स चालवणारा बोर्डच घ्यावा. पण त्याला सुरू व्हायला वेळ लागतो, वीज जास्त लागते, आणि बाहेरची मेमरी, फाइल सिस्टीम, अपडेट ह्यांचा व्याप मागे लागतो. वीज येताच आकडा दाखवायचा आहे किंवा बॅटरीवर महिनोन्‌महिने काढायचे आहेत, तिथे मायक्रोकंट्रोलर बरा. रंगारी काम करत असताना प्रोसेसर झोपू शकतो, हा बॅटरीच्या दृष्टीने वेगाहूनही मोठा फायदा.

“चालू केला, पण फरकच पडला नाही”

असं होतं, आणि कारणं ठरलेली असतात. एक म्हणजे कामाचे तुकडे फार छोटे. दहा पिक्सेलच्या रेघेसाठी ॲक्सिलरेटरला पत्ता, आकार, रंग सांगून इंटरप्टची वाट पाहायची, तेवढ्यात प्रोसेसरने ती रेघ काढलीही असती. म्हणून काही ड्रायव्हरमध्ये ठरावीक क्षेत्रफळाखालचं काम प्रोसेसरकडेच ठेवतात. दुसरं, ॲक्सिलरेटरला काम देऊन प्रोसेसर नुसता उभा राहून वाट पाहतो. असा कोड मी फार ठिकाणी पाहिला आहे. तिसरं, चित्रं पीएनजीमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलच्या रूपात, ठेवलेली असतात आणि दर वेळी ती उलगडण्यात सगळा वेळ जातो. ती आधीच स्क्रीनच्या रंगबांधणीत करून ठेवली तर जागा जास्त लागते, पण ॲक्सिलरेटरला थेट उचलता येतात. अक्षरांना मात्र फक्त पारदर्शकतेचे आकडे ठेवले तरी पुरतं; रंग तो वाटेत चढवतो.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजावं. चित्र काढायला घेताना एक मोकळी पिन चालू करायची, संपल्यावर बंद करायची आणि ऑसिलोस्कोपवर (विजेचा चढउतार वेळेनुसार दाखवणाऱ्या यंत्रावर) त्या पट्ट्याची रुंदी पाहायची. सेकंदाला ६० चित्रं हवीत तर ती १६.७ मिलिसेकंदांच्या आत बसली पाहिजे. दुसरी पिन प्रोसेसर झोपलेला असताना चालू ठेवायची. खरा फरक तिथे दिसतो: चित्रांची संख्या तीच राहते, पण झोपेचा पट्टा रुंदावतो.

आणि ते बटण

सुरुवातीच्या त्या बटणाचं काय? तिथे पुष्कळदा ॲक्सिलरेटरचा प्रश्नच नसतो. दाबलेलं बोट ओळखलं गेलेलं असतं, पण प्रोग्राम पुढची आख्खी स्क्रीन तयार करायला बसतो आणि तोवर काहीच दाखवत नाही. टच वाचणारं काम चित्राच्या कामापेक्षा वरच्या प्राधान्याचं ठेवायचं आणि सर्वांत आधी फक्त ते बटण दाबलेल्या रंगात काढायचं. १२० बाय ४८ पिक्सेलचं बटण म्हणजे ११,५२० बाइट. वर सांगितलेल्या त्या एकेरी एसपीआय पाऊलवाटेवरूनसुद्धा ते अडीच मिलिसेकंदांच्या आत स्क्रीनवर पोचतं.